दूरसंचार आणि संगणकांचे जाळे : सेमिनारची तयारी कशी करावी?

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात, विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी दिलेले व्याख्यान)



व्याख्यानाचे निमंत्रण देताना चिटणीसांनी मला सांगितले की, ह्या वर्षी शिष्यवृत्तीसाठी आलेल्या अर्जांत इलेक्ट्रॉनिक्स, दूरसंचार आणि संगणक ह्या शाखांचे विद्यार्थी पुष्कळ आहेत. तेव्हा उपदेश बाजूस ठेवून त्यांच्या प्रत्यक्ष कामास येईल असे काही सांगावे. ही सूचना मला मनापासून आवडली. सत्काराच्या सभेत वक्त्याने ध्येय, चिकाटी आणि मातापित्यांचे ऋण ह्यांविषयी बोलावे असा प्रघात आहे. त्या तिन्ही गोष्टी तुमच्यापाशी आहेत म्हणूनच तुम्ही येथवर आलात, असे गृहीत धरून मी एका लहानशा कामाकडे वळतो. ते काम म्हणजे सेमिनार.

पालकांपैकी ज्यांना कल्पना नसेल त्यांच्यासाठी सांगतो. अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्याने एक विषय स्वतः निवडावयाचा, त्याचा अभ्यास करावयाचा आणि वर्गापुढे व परीक्षकांपुढे पंधरा-वीस मिनिटे उभे राहून तो मांडावयाचा, अशी एक योजना असते. तिला गुण थोडे असतात. त्यामुळे वर्षभर तिच्याकडे कोणी पाहत नाही, आणि आदल्या रात्री कोठून तरी एक पीपीटी मिळवून, तिच्यावरील नाव बदलून वेळ मारून नेली जाते. चार वर्षांच्या शिक्षणात इतर सर्व वेळी विद्यार्थी ऐकत असतो अथवा लिहीत असतो. जाणत्याच्या जागी उभे राहून इतरांना सांगण्याची पाळी त्याच्यावर जवळजवळ ह्या एकाच वेळी येते. ती संधी अशा रीतीने वाया जावी ह्याचे मला परीक्षकाच्या खुर्चीत बसून वारंवार वाईट वाटले आहे.

वाईट वाटण्याचे आणखी एक व्यावहारिक कारण आहे. नोकरीच्या मुलाखतीत अर्जावरील जी ओळ प्रथम वाचली जाते तीत बहुधा प्रकल्पाचे आणि सेमिनारचे नाव असते. समोरचा मनुष्य सहज म्हणतो, “हा विषय तुम्ही मांडला होता ना? मग त्यातले थोडे सांगा.” ज्याने विषय खरोखर हाताळला आहे त्याला हा प्रश्न म्हणजे पर्वणी, ज्याने केवळ नाव बदलले आहे त्याची मुलाखत तेथेच संपते. ज्यांच्या घरात अभियंते आहेत त्या मुलांना ही गोष्ट घरीच कळते. ज्यांच्या घरातून प्रथमच कोणी ह्या शिक्षणाकडे वळले आहे, आणि आपल्यापैकी अनेकांची स्थिती अशीच आहे, त्यांना ती कोणी सांगत नाही. म्हणून आज मी सांगत आहे.

विषयाची निवड हे अर्धे काम आहे. दरवर्षी माझ्यापुढे येणारी नावे ठरलेली असतात : फाइव्ह-जी तंत्रज्ञान, क्लाउड कॉम्प्युटिंग, इंटरनेट ऑफ थिंग्ज, नेटवर्क सुरक्षा. ही विषयांची नावे नव्हेत, ग्रंथालयातील कपाटांची नावे आहेत. वीस मिनिटांत कपाट मांडता येत नाही. मग परिचय, इतिहास, रचना, फायदे, तोटे, उपयोग आणि आभार अशा सात पायऱ्यांनी विद्यार्थी खाली उतरतो, आणि ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. एका विद्यार्थिनीने मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले की, फाइव्ह-जीमध्ये विलंब केवळ एक मिलिसेकंद असतो. मी विचारले, “हा एक मिलिसेकंद कोठून कोठपर्यंत? हँडसेटपासून टॉवरपर्यंत, की पुण्याहून सिंगापूरपर्यंत?” ती गप्प राहिली. वास्तविक ती हुशार होती. परंतु तिने वाक्य उचलले होते, त्यातील आकड्याला हात लावला नव्हता. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लक्ष किलोमीटर धावतो. म्हणजे एका मिलिसेकंदात २०० किलोमीटर, आणि जाऊन परत यावयाचे तर १०० किलोमीटरच. सिंगापूर मुंबईपासून सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर आहे. तेव्हा तो आकडा रेडिओच्या टप्प्यापुरताच असला पाहिजे, हे तिला एका ओळीच्या भागाकाराने सांगता आले असते.

आता कपाटाऐवजी प्रश्न घेतला म्हणजे काय होते, ते एका उदाहरणाने दाखवितो. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत एक विलक्षण घटना घडली. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचे विद्यापीठ ह्यांच्यामध्ये अंतर अवघे ४०० यार्ड, म्हणजे सुमारे ३६५ मीटर. ह्या दोहोंमधील जाळ्यातून सेकंदाला ३२,००० बिट जात असत. ते एकाएकी ४० बिटांवर आले. वेग आठशेपटीने घटला. ह्याचा अर्थ नीट कळावयाचा तर थोडे गणित करावे. दोन हजार अक्षरांचे एक पान घ्या. एका इंग्रजी अक्षरास ८ बिट धरले तर १६,००० बिट झाले. पूर्वी ते पान अर्ध्या सेकंदात पोहोचत असे. आता त्याला ४०० सेकंद, म्हणजे पावणेसात मिनिटांच्या आसपास वेळ लागू लागला. तेच पान एखाद्या शिपायाने हातात घेऊन सावकाश चालत नेले असते, तर साडेचार मिनिटांत पोहोचले असते!

तारा तुटल्या नव्हत्या, यंत्रे बिघडली नव्हती. मग असे का झाले? येथे प्रश्न उभा राहिला, आणि हाच सेमिनारचा विषय. ज्या संगणकाने पॅकेट पाठविले त्याला पलीकडून पोच यावयाची असते. पोच वेळेवर आली नाही तर पॅकेट हरवले असे समजून तो तेच पुन्हा पाठवितो. जाळ्यात गर्दी झाली, पॅकेटे राउटरच्या रांगेत अडकली, पोच उशिरा येऊ लागली. प्रत्येक संगणकाने आपापल्या परीने शहाणपणा करून तेच पॅकेट पुन्हा पाठविले. त्यामुळे रांग अधिक वाढली, पोच अधिक उशिरा आली, आणि पुन्हा पाठवणी झाली. जाळे पूर्ण भरून वाहत होते. परंतु त्यात नवे असे जवळजवळ काहीच नव्हते, एकाच निरोपाच्या अनेक प्रती फिरत होत्या.

ह्या कोड्याचा पाठपुरावा व्हॅन जेकबसन ह्या संशोधकाने केला आणि १९८८ मध्ये आपला प्रबंध प्रसिद्ध केला. त्याने सुचविलेले उपाय पाहिले तर त्यांत गूढ असे काही नाही. आरंभी एकदम पुष्कळ पॅकेटे सोडू नयेत, पोच येत जाईल तसतशी संख्या वाढवावी. पॅकेट हरवले तर ती गर्दीची खूण समजून पाठवणी एकदम कमी करावी, आणि नंतर बेताबेताने वाढवावी. पोच येण्यास किती वेळ लागतो ह्याचा अंदाज बांधताना केवळ सरासरी न घेता, त्या वेळेत चढउतार किती होतात तेही हिशेबात घ्यावे. प्रत्येक संगणकाने स्वतःहून हात आखडता घ्यावयाचा, असा हा नियम आहे. वर बसून हुकूम करणारा कोणी नाही. आजचे जाळे चालते त्यात ह्या नियमांचा आणि त्यांच्या सुधारलेल्या रूपांचा मोठा वाटा आहे.

विद्यार्थ्याने एवढी एकच हकीकत घ्यावी. घटना, तिचे कारण आणि तीवरील उपाय मांडून फळ्यावर एक आलेख काढावा : पाठवणी हळूहळू चढते, एकदम कोसळते, पुन्हा चढते, करवतीच्या दात्यांसारखा तो दिसतो. वीस मिनिटे पुरेपूर भरतात, आणि ऐकणाऱ्यास जन्मभर लक्षात राहील असे काही मिळते. “टीसीपीचे फायदे व तोटे” ह्या नावाखाली हीच माहिती असते, पण मेलेली.

येथे दृष्टान्तांविषयी एक सूचना करून ठेवतो. गर्दीचा विषय निघाला की, विद्यार्थी लगेच बोरघाटातील मोटारींची रांग सांगतात. सांगावी, परंतु दृष्टान्त कोठे लंगडा पडतो तेही सांगावे. घाटात रांग लागली तर मोटार नाहीशी होत नाही, ती उभी राहते. राउटरची जागा संपली की, आलेले पॅकेट तो सरळ टाकून देतो, आणि ते टाकले जाणे हीच पाठविणाऱ्यास मिळणारी सूचना असते. हा फरक ज्याला सांगता आला, त्याला विषय समजला.

विषय दूरदेशीचाच असला पाहिजे असे मुळीच नाही. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत, भर रस्त्यावर, मोबाइलवर चारही दांड्या दिसत असताना फोन का लागत नाही, हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाने विचारलेला आहे. एक विद्यार्थी हाच विषय घेऊन आपल्या आजीपुढे सराव करीत होता. तो सांगत होता की, प्रत्येक हँडसेट बोलण्यापूर्वी टॉवरला हाक मारतो आणि स्वतःसाठी जागा मागतो. आजींनी विचारले, “आणि दोघांनी एकदमच हाक मारली तर रे?” त्या बाईंनी, नकळत, ह्या शास्त्रातील एका मूलभूत प्रश्नावर बोट ठेवले होते. हवाई बेटांवरील विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये रेडिओने संगणक जोडले, तेव्हा त्यांच्यापुढे हाच प्रश्न होता. त्यांची युक्ती अशी : ज्याला बोलावयाचे त्याने बोलावे, दोघांची टक्कर झाली तर दोघांनी थोडा वेळ, तोही आपापल्या मनाप्रमाणे कमीजास्त, थांबून पुन्हा प्रयत्न करावा. ह्या पद्धतीने एकूण वेळेच्या फार तर १८.४ टक्के भागात निरोप सुखरूप जातात, असे गणिताने निघते. हाकेचे क्षण आखून दिले, म्हणजे घड्याळाच्या ठोक्यालाच हाक मारावयाची असे ठरविले, तर हे प्रमाण बरोबर दुप्पट, ३६.८ टक्के होते. हँडसेटची पहिली हाक जीएसएमच्या काळापासून ह्या दुसऱ्या तत्त्वावरच बेतलेली आहे. गर्दी वाढली की टकरी वाढतात, टकरी वाढल्या की पुन्हा हाका वाढतात. दांड्या एवढेच सांगतात की, टॉवरचा आवाज तुमच्यापर्यंत ठीक पोहोचत आहे; तुमची हाक त्याला ऐकू येते की नाही, ह्याविषयी त्या मुक्या असतात. अर्थात मिरवणुकीतील अडचणीला हे एकच कारण नाही, प्रत्यक्ष बोलण्यासाठीच्या जागाही संपतात, पण १८.४ हा आकडा कोठून आला ते फळ्यावर सिद्ध करून दाखविण्यास दहा मिनिटे लागतात आणि बारावीचे गणित पुरते.

जुन्नरकडच्या विद्यार्थ्यांना तर मी म्हणेन, नारायणगावजवळ आर्वी येथे १९७१ मध्ये विक्रम हे उपग्रह-संदेशवहनाचे भूकेंद्र सुरू झाले, त्याच्यापासून आरंभ करा. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. आवाज वर जाऊन खाली येईपर्यंत सुमारे पाव सेकंद, आणि उत्तर ऐकू येईपर्यंत अर्धा सेकंद जातो. जुन्या परदेशी कॉलवर दोघे एकदम बोलू लागत आणि एकदमच गप्प होत, त्याचे कारण हे. घरातील वडील मंडळींनी तो अनुभव घेतला असेल, त्यांना विचारावे.

आकडा स्वतः काढावा, हे मी एव्हाना तीनदा सांगितले आहे. आणखी एकदा सांगतो, कारण ह्याच ठिकाणी सर्वांत अधिक आळस होतो. टेलिफोनवरील आवाजाला सेकंदाला ६४,००० बिट लागतात, असे पुस्तकात दिलेले असते. का? टेलिफोनने माणसाच्या आवाजाचा ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच भाग घेतला. त्यातील वरच्या मर्यादेच्या दुपटीहून अधिक वेळा नमुना घेतला पाहिजे म्हणून सेकंदाला ८,००० नमुने ठरले. प्रत्येक नमुन्यास ८ बिट दिले. गुणाकार करा. अशा ३२ वाटा एकत्र केल्या की, २०,४८,००० बिटांची एक वाहिनी होते. तिच्यातील ३० वाटांवरून संभाषणे जातात, उरलेल्या दोन व्यवस्थेच्या कामी येतात. आणि मग पुढचा प्रश्न आपोआप येतो : जीएसएमच्या मूळ पद्धतीत त्याच आवाजाचे काम १३,००० बिटांत कसे भागले? येथून एक नवा सेमिनार सुरू होतो.

मोजमाप तर आज घरबसल्या करता येते. पूर्वी ज्यासाठी प्रयोगशाळा लागे ते तुमच्या लॅपटॉपवर आहे. ‘पिंग’ ही आज्ञा द्या. निरोप जाऊन परत येण्यास किती मिलिसेकंद लागले ते ती सांगते. सिंगापूरच्या संगणकाकडून उत्तर ३९ मिलिसेकंदांहून लवकर येऊ शकत नाही, हे वर काढलेल्या प्रकाशाच्या वेगावरूनच ठरते. अधिक वेळ लागला तर तो कोठे गेला, हे शोधा. आणि एखाद्या अमेरिकन कंपनीच्या संकेतस्थळाकडून चार मिलिसेकंदांत उत्तर आले, तर आनंदाने थांबा : चार मिलिसेकंदांत प्रकाश फार तर ४०० किलोमीटर जाऊन परत येतो, म्हणजे उत्तर देणारा संगणक अमेरिकेत नाही, येथेच कोठे तरी आहे. कंपन्या आपल्या मजकुराच्या प्रती गावोगावी का ठेवतात, हा विषय तुम्हांला तुमच्याच मोजमापातून सापडला. सकाळी, दुपारी आणि रात्री असे आठवडाभर मोजून आलेख काढला, तर तो आलेख जगात दुसऱ्या कोणापाशी नाही. परीक्षकाला तो सर्वांत आधी दिसतो.

स्लाइडविषयी थोडक्यात. त्या कमी असाव्यात, त्यांवर वाक्ये नसावीत, आकृती शक्यतो स्वतःच्या हाताची असावी. स्लाइड वाचून दाखविणारा विद्यार्थी श्रोत्यांकडे पाठ करून उभा राहतो, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

भाषेविषयी मात्र थोडे अधिक बोलतो, कारण हे दुःख आपल्या घरातले आहे. मराठी शाळेतून आलेला विद्यार्थी इंग्रजीच्या भयाने वाक्ये पाठ करतो. पाठ केलेले वाक्य मध्येच तुटले की, त्याला पुढचे काही सुचत नाही, आणि विषय येत असूनही तो अडाणी ठरतो. ह्यावर माझा उपाय असा आहे : प्रथम संपूर्ण सेमिनार घरी, मराठीत, घरच्या माणसांपुढे द्यावे. पॅकेट, राउटर, सर्व्हर हे शब्द खुशाल तसेच ठेवावेत; त्यांच्यासाठी संस्कृत शब्द शोधीत बसू नये. परंतु “कारण”, “म्हणून”, “असे असूनही” हे सांधे स्वतःच्या भाषेतले असावेत. तर्क ह्या सांध्यांत असतो. ज्या ठिकाणी मराठीत अडखळाल, तेथे तुम्हांला विषय कळलेला नाही, इंग्रजीचा काही दोष नाही. ते ठिकाण दुरुस्त केल्यावर मग लहान लहान इंग्रजी वाक्यांत तेच सांगावे. व्याकरणाची एखादी चूक झाली म्हणून गुण कापणारा परीक्षक मी फार क्वचित पाहिला. न समजता बोलणाऱ्याला ओळखले नाही असा तर पाहिलाच नाही. पालकांनो, तुम्हांला त्यातले कळणार नाही असे समजू नका. ऐका, आणि जेथे कळले नाही तेथे विचारा. त्या आजींप्रमाणे.

हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेचे यंत्र मागेल त्या विषयावर संपूर्ण सेमिनार लिहून देते. त्याला हात लावू नका, असे मी म्हणणार नाही. कोणी ऐकणारही नाही. पण त्याच्याकडून सेमिनार घेण्याऐवजी प्रश्न घ्यावेत. तुमचे टिपण त्याला द्यावे आणि म्हणावे, “कठोर परीक्षक होऊन मला दहा प्रश्न विचार.” उत्तरे तुम्ही शोधावीत, आणि त्याने दिलेला प्रत्येक आकडा पाठ्यपुस्तकात अथवा मूळ प्रबंधात पडताळून पाहावा, कारण खोटा आकडाही ते खऱ्याइतक्याच गोड शब्दांत सांगते. मूळ प्रबंध वाचण्याचे भय बाळगू नये. क्लॉड शॅननचा १९४८ चा प्रबंध सुरुवातीस अवघड वाटेल. परंतु जेकबसनचा प्रबंध तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यास कळेल इतका सरळ लिहिलेला आहे, आणि बर्कलीची हकीकत त्याच्या पहिल्याच पानावर आहे.

प्रश्नोत्तरांची वेळ ही शिक्षेची वेळ नव्हे. उत्तर ठाऊक नसेल तर “मला ठाऊक नाही, परंतु ते असे काढता येईल” असे म्हणून खडू हाती घ्यावा. ह्या दुसऱ्या अर्ध्या वाक्यासाठीच आम्ही परीक्षक कान देऊन बसलेले असतो.

आता कामाचे. चिटणीसांशी माझे बोलणे झाले आहे. मंडळाच्या सभागृहात फळा आहे, आणि रविवारी सकाळी दहा ते बारा सभागृह मोकळे असते. ज्यांचे सेमिनार ह्या सत्रात आहे त्यांनी आपली नावे आज जाण्यापूर्वी कार्यालयात नोंदवावीत. येताना पीपीटी आणू नये. एका कागदावर एक प्रश्न आणि स्वतः काढलेला एक आकडा, एवढेच लिहून आणावे. ऐकण्यासाठी मी येईन. आणखी दोघा-तिघा ज्ञातिबंधूंनी, विशेषतः ज्यांना ह्या विषयाचा गंध नाही अशांनी, मागील बाकांवर येऊन बसावे, अशी माझी विनंती आहे. पहिली बैठक येत्या रविवारीच ठेवू.